सत्त्याण्णव टक्के

लेयरला नाव दिलं नाही म्हणून एक माणूस दुसऱ्याशी आठवडाभर बोलत नाही, हे मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिलं. न बोलणारे ते, आमच्या टीममधले जुने टेस्टर, आणि जिच्याशी बोलत नव्हते ती मी.

आमची कंपनी फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर बनवायची आणि आमच्या टीमचं काम म्हणजे ते सॉफ्टवेअर कुठे चुकतंय ते शोधणं. ज्यांचा याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की अशा सॉफ्टवेअरमध्ये फोटो म्हणजे एक कागद नसतो, पारदर्शक कागदांची चळत असते. सगळ्यात खाली भिंत, भिंतीवर खुर्ची, खुर्चीवर माणूस, जो तो आपापल्या कागदावर. या एकेका कागदाला लेयर म्हणतात. मी नवीन होते, घाईत होते, आणि त्यांना तपासायला पाठवलेल्या फाइलमध्ये सॉफ्टवेअरनं आपोआप दिलेली नावं मी तशीच ठेवली होती. लेयर वन, लेयर वन कॉपी, लेयर वन कॉपी टू. ते माझ्या डेस्कपाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "उद्या तुला मुलगा झाला तं नाव काय ठेवशील त्याचं? मुलगा वन कॉपी टू?"

"नवऱ्याला विचारून सांगते," मी म्हणाले. माझं तोंड असं आहे. पुण्यात खपून जायचं.

झालं, आठवडाभर अबोला. पुढच्या सोमवारी माझ्या कीबोर्डवर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दोन पुडाच्या वड्या, कोथिंबीर भरलेल्या, ठेवलेल्या होत्या, आणि माझ्या त्या फाइलमधल्या सगळ्या लेयर्सना त्यांनी स्वतः बसून देवनागरीत नावं दिली होती. भिंत. खुर्ची. खुर्चीची सावली. माणूस. माणसाचा चष्मा. मी वड्या खाल्ल्या आणि नावांबद्दल थँक यू म्हणाले. त्यांनी मान हलवली, म्हणजे भांडण मिटलं.

ते नागपूरचे. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, केस पांढरेशुभ्र पण भरपूर. अमेरिकेत वीसेक वर्षं काढलेली आणि ग्रीनकार्डाच्या रांगेत अजून उभेच. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच होतो. मी एकदा त्यांना काका म्हणून पाहिलं. "काका म्हणायला मी काय महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार आहे?" म्हणाले. मग मी सर म्हणायला लागले. तेही त्यांना आवडत नव्हतं, पण त्यावर उत्तर सुचलं नाही, त्यामुळे ते टिकलं. इतकी वर्षं इथे राहून गाडी चालवायला शिकले नव्हते. कॅलट्रेननं यायचे, स्टेशनवरून चालत, डोक्यावर मंकी कॅप, खांद्याला डब्याची पिशवी. जानेवारीतल्या कॅलिफोर्नियाला मंकी कॅप लागते असं मानणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस.

त्यांना उपमा चालत नसत. आमच्या क्षेत्रात हा एक रोगच आहे. कुठल्याही पॉटलकला, म्हणजे जो तो आपला पदार्थ आणतो त्या पार्टीला, कुणीतरी नवीन मुलगा बियरचा ग्लास हातात धरून म्हणणारच, की यार, माणसंही लेयर्ससारखीच असतात ना. अशा वेळी ते ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जायचे. एकदा जायला जागा नव्हती तर म्हणाले, "लेयर म्हणजे लेयर. त्यात वेदांत घालू नको." तो मुलगा बिचारा तमिळ होता, त्याला काही कळलं नाही, पण तो गप्प बसला.

खरं तर मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. आणि शिकवायची पद्धत म्हणजे ओरडायची. ब्लेंड मोड म्हणजे वरच्या कागदानं खालच्या कागदाशी कसं वागायचं त्याचा नियम. नॉर्मल ठेवलं तर वरचा खालच्याला सरळ झाकतो. मल्टिप्लाय ठेवलं तर दोघं मिळून गडद होतात, स्क्रीन ठेवलं तर दोघं मिळून उजळतात. मी एकदा एका माणसाच्या पायाशी काळ्या रंगानं सावली काढली आणि नॉर्मलमध्ये ठेवून दिली. त्यांनी मागून पाहिलं आणि कळवळल्यासारखा आवाज काढला.

"फरशी मारून टाकली तू."

"फरशी?"

"सावली पडली म्हणून फरशी जाते का कुठं? तिचे ठिपके दिसले पाहिजे. मल्टिप्लायमध्ये ठेव. फरशी तिथंच राहते, फक्त अंधारात जाते."

मी ठेवलं. काळ्या डागाखालून मोझॅकचे ठिपके वर आले आणि तो माणूस एकदम जमिनीवर उभा राहिला. तोपर्यंत तो हवेत होता हे मला कळलंच नव्हतं. असं काही जमलं, की लेयरच्या शेजारी जे डोळ्याचं चिन्ह असतं ते सर बंद-चालू करत बसायचे. ते दाबलं की लेयर दिसेनासा होतो, पुन्हा दाबलं की येतो. दाबायचे आणि पुटपुटायचे, "आहे. नाही. आहे. नाही." पलीकडच्या क्युबिकलमधली चिनी मुलगी मला विचारायची, की हे काय जप करतात का. मी म्हणायचे, हो.

एका ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी, त्यांचा फोन आला. घरी फोन करायची आमची पद्धत नव्हती, त्यामुळे मी घाबरलेच. तर म्हणाले, "ट्यूबलाइट आणायची आहे. चार फुटी. बसमध्ये नेऊ देत नाही." मी गाडी काढली. दुकानात त्यांनी कुठल्या ट्यूबचा उजेड किती निळा, यावर तिथल्या पोराचं डोकं खाल्लं आणि शेवटी एक घेतली. परत येताना दोन्ही सीटांच्या मधून ती मागे काढून, तान्ह्या मुलासारखी हातात धरून बसले. वाटेत स्पीड ब्रेकर आला की माझ्याकडे रागानं बघायचे.

त्यांचं अपार्टमेंट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही. एका भिंतीवर करड्या रंगाची चादर ताणून बसवलेली, तिच्यासमोर तिकाटण्यावर कॅमेरा, आणि इस्त्रीच्या टेबलावर मोतिया रंगाचा नवा कुडता. मी म्हणाले, "सर, तुम्हाला बघायला येणार आहे का कुणी?"

"दिवाळीला घरी जाऊन राहिलो," ते म्हणाले आणि ट्यूब पडद्याच्या दांडीला बांधायला लागले.

घरी जातोय म्हणजे? मला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. नागपूरच्या त्यांच्या घरातला, लक्ष्मीपूजन आटोपल्यावर काढलेला फोटो होता. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे तासाभरापूर्वीचाच. मधे खुर्चीवर त्यांची आई, हिरवी साडी, मांडीवर दोन्ही हात. मागे मोठा भाऊ, वहिनी, आणि पुढे मांडी घालून बसलेली पुतणी. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. फक्त आईच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा रिकामी होती, आणि भावानं त्या रिकाम्या जागेत, हवेत, हात ठेवला होता. कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा.

"दादाचा हात माझ्या खांद्यावर आहे," ते म्हणाले. "दरवर्षी थोडा वर ठेवतो. मी त्याच्याहून उंच आहे, हे तो विसरत नाही."

मग त्यांनी सांगितलं. आईला विसरायचा आजार. तारखा गेल्या, नातेवाईक गेले, नवरा वारला हेही कधीकधी जायचं, पण धाकटा अमेरिकेत आहे आणि सणाला येणार आहे, एवढं पक्कं राहिलं. सणाच्या दिवशी ती ताटावर बसायची नाही. तो येऊ दे, मग जेवते, म्हणायची. रात्र व्हायची, दुसरा दिवस उजाडायचा, ती उपाशीच. एका दिवाळीला दोन दिवस पोटात काही नाही, तेव्हा पुतणीनं घरच्यांचा फोटो पाठवला आणि म्हणाली, काका, तुम्हाला हे येतं ना, तुम्ही स्वतःला बसवा ना यात. त्यांनी बसवलं. तिनं मोबाईलवर आजीला दाखवलं, की बघ, काका आला होता, तू झोपली होतीस. म्हातारीनं बराच वेळ फोटो पाहिला, पदरानं काच पुसली आणि ताट मागितलं.

तेव्हापासून प्रत्येक सणाला तसंच. फोटो काढायची वेळ झाली की पुतणी ओरडणार, काकाची जागा सोडा, आणि सगळे सरकून उभे राहणार. घराला त्याची सवयच लागली होती.

"मग तुम्ही एकदा जाऊनच का येत नाही?" मी विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा होता, कारण उत्तर मलाही माहीत होतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. गेलं की परत यायला नवा शिक्का लागणार, त्याच्या मुलाखतीची तारीख मिळेल न मिळेल, आणि ती मिळेपर्यंत नोकरी राहील न राहील. माझी सख्खी मावशी गेली तेव्हा मी इथे बसून फोनवर तिचे पाय पाहिले होते. तरी मी म्हणाले, "नाहीतर कायमचंच जायचं."

"दरवर्षी वाटते, एवढं एक वर्ष," ते म्हणाले. "खांदा खाली घेतो. दादाचा हात बसला पाहिजे. बटन दाब."

मी बटण दाबलं. करड्या चादरीपुढे, सनीव्हेलच्या सकाळी, पडदे लावून, नागपूरच्या हॉलमधल्यासारख्या ट्यूबच्या उजेडात, नवा कुडता घालून एक माणूस कुणीच नसलेल्या बाजूला बघून हसला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. दोन्ही मी लपवलं.

मग ते कामाला बसले. स्वतःला चादरीवरून कापलं, आईच्या शेजारी ठेवलं, लेयरला नाव दिलं. मी. पायाशी सावली, मल्टिप्लाय. आईच्या खांद्यावर त्यांच्या कुडत्याचा मोतिया उजेड किंचित पडला पाहिजे, म्हणून तिथे एक फिकट डाग, स्क्रीन. भावाची बोटं कापून वरच्या लेयरवर घेतली, की ती खरंच खांद्यावर टेकली. सगळं इतकं बेमालूम झालं की जोड कुठे आहे ते मला सापडेना. आणि मग शेवटी, फाइल बंद करायच्या आधी, त्यांनी ओपॅसिटीची पट्टी धरली आणि शंभरावरून सत्त्याण्णववर आणली.

ओपॅसिटी म्हणजे वरचा कागद किती भरीव दिसावा ते. शंभर म्हणजे पूर्ण. सत्त्याण्णव म्हणजे जवळजवळ पूर्णच, पण नीट बघितलं तर मागचं कळतं. त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याची कडा कुडत्यातून अगदी पुसट, असली तर असल्यासारखी, दिसायला लागली.

"हे कशाला?" मी म्हणाले. "एवढं चांगलं झालं होतं."

"मी नव्हतो तिथं."

"तीन टक्क्यांनी काय होणार आहे? आईला काय दिसणार आहे ते?"

"तिला नाही दिसत. मला दिसते. शंभर केलं तं सरळ खोटं होते." आणि त्यांनी डोळ्याचं चिन्ह दाबलं. आहे. नाही. आहे. नाही. आहे. मग फोटो पाठवला.

चहा त्यांनी केला नाही. फोन समोर ठेवून बसून राहिले. मीही बसले, कारण उठावंसं वाटेना. बऱ्याच वेळानं फोन वाजला. पुतणीचा मेसेज होता, दोनच शब्द. आजी जेवली. मग ते उठले आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढे ऑफिसात आम्ही याविषयी बोलत नसू, पण प्रत्येक सणाला ट्यूबखाली बटण दाबायला मी जायला लागले. दसरा, दिवाळी, संक्रांत. नवऱ्यानं एकदा विचारलं, की तू दर सणाला त्या माणसाकडे का जातेस. मी म्हटलं, त्यांच्या आईला जेवायला घालायला. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मग केसांचं झालं. आईचा आजार वाढत चालला होता. एका संक्रांतीला पुतणीनं हौसेनं व्हिडिओ कॉल लावला. आईनं स्क्रीनवर पांढऱ्या केसांचा माणूस पाहिला आणि ती थरथर कापायला लागली. तिला वाटलं, नवराच. गेलेला माणूस फोनवरून आपल्याशी बोलतोय. त्यानंतर सरांनी व्हिडिओ कायमचा बंद केला आणि फोटोतले स्वतःचे केस काळे करायला घेतले. केसांवर गडद तपकिरी रंगाचा लेयर, मल्टिप्लाय. पांढऱ्यावर तो छान बसतो. पुढच्या सणाला डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. त्याच्या पुढच्या सणाला हनुवटीखालची कातडी. भाऊ दर फोटोत म्हातारा होत होता, वहिनीचा चष्मा जाड झाला, पुतणी मांडी घालून बसायची ती आता मागे उभी राहायला लागली, आणि सर मात्र दरवर्षी थोडे लहान. शेवटी शेवटी तर नागपूरहून विमानात चढले त्या दिवशीचाच माणूस तिथे उभा होता.

मला राग यायचा. खरंच यायचा. मी एकदा बोललेच, "सर, केस काळे करायचे, तोंड तरुण करायचं, आणि वर तीन टक्के खरेपणाचे. काय अर्थ आहे याला?"

त्यांनी डबा उघडला, त्यातली पोळी मोडली, आणि मला वाटलं पुन्हा आठवडाभर अबोला. पण म्हणाले, "काळे केस तिला पाहिजे. तीन टक्के मला पाहिजे. दोघांचं भागून राहिलं ना? तुझं काय जाते?"

माझं काहीच जात नव्हतं. मी त्यांच्या डब्यातलं लोणचं घेतलं.

मग कंपनीत ते प्रात्यक्षिक झालं. दुसऱ्या टीमचा एक तरुण मुलगा मोठ्या हॉलमध्ये नवीन सोय दाखवत होता. रिकाम्या खुर्चीचा फोटो घ्यायचा, खाली चौकटीत लिहायचं, की इथे एक माणूस बसव, आणि माणूस बसतो. कापायला नको, जोडायला नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर मागच्या रांगेतून उठले आणि थेट पडद्यापाशी गेले. आमच्या टीमला वाटलं, आता मजा येणार.

"सावली कुठं आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मुलानं फोटो मोठा करून दाखवला. सावली होती. तिच्याखालून फरशीचे ठिपकेही दिसत होते. ते जवळ जाऊन, चष्मा कपाळावर चढवून, फार वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गुड. व्हेरी गुड," आणि जागेवर येऊन बसले. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडलं तेव्हा उतरता उतरता म्हणाले, "चांगली होती सावली. चूक काढायला काही जागाच नाही."

वर्षाच्या आत आमच्या अर्ध्या टीमला सकाळी नोकरी गेल्याचा ईमेल आला. मला नाही आला, त्यांना आला. दारावर ओळखपत्र चालेना तेव्हा ते खाली लॉबीत मंकी कॅप घालून उभे होते, डब्याची पिशवी खांद्याला. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही तर देश सोडायचा, हा नियम आम्हाला सगळ्यांना पाठ. या वयाच्या टेस्टरला कोण घेतो? त्यांनी फार खटपटही केली नाही. ट्यूबलाइट मला दिली. ती अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे.

विमानतळावर मीच सोडायला गेले. एरवी गाडीत गप्प बसणारा माणूस, त्या दिवशी बोलत होता. आईला कुठली भाजी आवडते, दादाचा गुडघा कसा आहे, हॉलमधली ट्यूब कशी डोळ्यांवर येते. मग एकदम म्हणाले, "आता ओपॅसिटीला हात लावायचा नाही. आता शंभर."

"वेदांत नको, सर," मी म्हणाले.

"वेदांत नाही. खरंच शंभर." आणि ते हसले. कॅमेऱ्यासमोर हसायचे तसे नाही, वेगळे. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी मीच फोन लावला. आवाज नेहमीचा, कोरडा. कसं झालं विचारलं, तर आधी विमानातल्या जेवणाबद्दल बोलले. मग म्हणाले, "दारात उभा राहिलो. आईनं वर बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला."

परका पुरुष दारात आला की त्या पिढीच्या बायका करतात ते.

"म्हणाली, बसा. धाकटा बाहेर गेला आहे, येईलच इतक्यात. मग भिंतीवर लावलेला आपला दिवाळीचा फोटो दाखवला मला. हा माझा मुलगा, म्हणे. दर दिवाळीला येतो. बघा किती छान दिसतो."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. दादानं सांगितलं, पुतणीनं सांगितलं. घाबरली ती. म्हणून सोडून दिलं. आता तिच्यासाठी मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आहे. मला तुम्ही म्हणते. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता." एवढं बोलून त्यांनी सनीव्हेलला थंडी किती आहे ते विचारलं.

मी फोन ठेवला आणि रडले. रागानंच रडले बहुतेक. कुणावर राग, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या केसांवरच्या लेयरवर असेल.

त्या वर्षीच्या दिवाळीला, शनिवार नव्हता तरी, सकाळी त्यांचा फोन आला. "एक काम आहे. माझ्याकडे आपलं सॉफ्टवेअर नाही. फुकटवाल्यात सावली जमत नाही."

"महिन्याचे पैसे भरून मिळतं की."

"ज्यांनी मला काढलं त्यांना पैसे भरू? फोटो पाठवला बघ."

फोटो आला होता. तोच हॉल, तीच ट्यूब. मधे खुर्चीवर आई, आता फारच वाळलेली. मागे भाऊ, वहिनी, पुतणी. आणि आईच्या उजव्या हाताला जागा सोडलेली. भावाचा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. आणि फोटोच्या अगदी कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर गेलेला, पांढऱ्या केसांचा एक माणूस हातात ताट धरून उभा होता.

"जागा आईनंच सोडायला लावली," ते म्हणाले. "मी उभा राहिलो होतो तिथं. म्हणाली, अहो, जरा बाजूला व्हा, तिथं माझा मुलगा उभा राहतो. सकाळपासून जेवली नाही. जुन्या फाइलमधला लेयर तुला पाठवला आहे. कुडता तोच चालते."

मी फाइल उघडली. लेयर एकच होता, काळ्या केसांचा, मोतिया कुडत्यातला माणूस, हसणारा. त्याचं नाव वर्षानुवर्षं 'मी' असायचं. आता तिथे 'तिचा मुलगा' असं लिहिलेलं होतं.

ते फोनवरच थांबले आणि मी काम केलं. जागेवर ठेवला. भावाची बोटं वर घेतली, ती खांद्यावर टेकली. पायाशी सावली, मल्टिप्लाय. आईच्या खांद्यावर कुडत्याचा उजेड, स्क्रीन. फरशीचे ठिपके दिसताहेत ना, ते त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणाले, दिसताहेत.

"सत्त्याण्णव ठेवू ना?"

पलीकडे कुठेतरी फटाके वाजत होते. मग म्हणाले, "शंभर ठेव."

"शंभर?"

"ती रोज त्याच्याशी बोलते. त्याला विचारून झोपते. तो आहे तिथं. त्याला शंभर ठेव."

"आणि कडेला तुम्ही उभे आहात ते? कापू?"

"राहू दे. पाहुणा आहे."

मी पट्टी सत्त्याण्णववरून शंभरावर नेली. मग लेयरशेजारचा डोळा दाबला, का ते माहीत नाही. काळ्या केसांचा मुलगा नाहीसा झाला आणि भावाचा हात पुन्हा हवेत राहिला. परत दाबला, मुलगा आला. कडेचा माणूस दोन्ही वेळा होता तिथेच होता. मी फोटो त्यांनी दिलेल्या नंबरवर पुतणीला पाठवून दिला, त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला, आणि मी ऑफिसला न जाता फोन समोर ठेवून बसून राहिले.

बऱ्याच वेळानं पुतणीचा मेसेज आला. आजी जेवली. काकांनी भरवलं.